घोयऱ्याचे दुखणे : पाणी, ऊन आणि माती

मराठीने सरड्याला फार कामाला जुंपले आहे. कुंपणापर्यंतची धाव त्याची, आणि पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला दिली जाणारी उपमाही त्याचीच. मात्र या दोन ठिकाणी डोळ्यांपुढे येणारे प्राणी एक नाहीत. कुंपणावर धावणारा, मान वरखाली करणारा आणि विणीच्या दिवसांत गळा लालभडक करून बसणारा तो बागेतला सरडा. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'व्हर्सिकलर'चा अर्थ रंग बदलणारा असाच आहे, त्यामुळे उपमा अगदीच वाया गेलेली नाही. पण रंगाची जगभरची ख्याती ज्याच्या नावावर आहे तो शॅमेलिऑन, म्हणजे आपला घोयरा. जुन्या पुस्तकांत तो सरडगुहिरा या नावाने भेटतो. त्याला धाव नाहीच. वाऱ्यावर पान हलावे तसा मागेपुढे झुलत तो एकेक पाऊल टाकतो. पायाची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत जुळलेली, शेपटी फांदीला वेटोळे घालणारी, डोळे दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरणारे आणि जीभ अंगाच्या लांबीपेक्षाही लांब जाणारी.

संस्कृतातल्या 'कृकलास' शब्दातही हाच घोळ आहे. भागवताच्या दशम स्कंधातला नृग राजा दान दिलेलीच गाय नकळत दुसऱ्याला देतो आणि कृकलास होऊन कोरड्या विहिरीत पडतो. श्रीकृष्ण त्याला हाताने उचलून बाहेर काढतो आणि तो मुक्त होतो. टीकाकार त्याला सरडाही म्हणतात आणि घोयराही. या लेखात ज्या घोयऱ्याची हकिगत यायची आहे, त्याला मात्र उचलणेच बाधले.

जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्करात राहतात. भारतात जात एकच, कॅमेलिओ झेलॅनिकस. कोरड्या, झुडपी आणि पानगळीच्या रानांत ती राहते. घाटापलीकडे, बाभळी-बोरीच्या मुलखात तिची गाठ पडते. आमच्या महाड-पोलादपूरच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात तितकी सहज पडत नाही. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. गेली पंचवीस वर्षे सावित्रीच्या खोऱ्यातले साप-सरडे-बेडूक वहीत टिपतो आहे, आणि माझ्या वहीतले जवळजवळ सगळे घोयरे घाटावरून कोणीतरी आणलेले आहेत. कोणी मुलांना रंगांची गंमत दाखवायला आणतो, कोणी गाडीखाली जाईल म्हणून दयेने उचलतो. आणणारा कोणत्याही हेतूने आणो, आठ-पंधरा दिवसांत प्रश्न एकच येतो : हा खात का नाही?

गेल्या वर्षीच्या नवरात्रात असाच प्रश्न घेऊन पोलादपूर तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे आला. फलटणकडे तो कामाला होता. सुट्टीला निघण्याच्या आदल्या दिवशी डांबरी रस्ता ओलांडणारा घोयरा त्याला दिसला, म्हणून तो त्याने पिशवीत घालून घरी आणला. "काका, बारा दिवस झाले. पोट तर भरलेलं दिसतंय, पण तोंडाला काय लावत नाय," तो म्हणाला. माशांची जुनी काचेची टाकी, तिच्यात एक फांदी, पाण्याने भरलेली वाटी, नाकतोडे सोडलेले आणि टाकी उन्हाच्या खिडकीपाशी ठेवलेली. मुलाने जिवापाड काळजी घेतली होती. तरी टाकीतला प्राणी गडद तपकिरी, जवळजवळ काळा पडला होता, दिवसाढवळ्या डोळे मिटून बसत होता आणि मधूनच खाली उतरून काचेचा कोपरा नखांनी खरवडत होता.

आधी रंगाचे पाहू, कारण घोयऱ्याच्या दुखण्याची पहिली वर्दी रंगच देतो. तो पार्श्वभूमी पाहून रंग बदलतो ही समजूत इतकी मुरलेली आहे की लाल कापडावर ठेवून तो लाल होण्याची वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत. तो तसे करीत नाही. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेचा उलगडा केला. त्वचेतल्या काही पेशींत ग्वानिन या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असतो तेव्हा स्फटिक जवळजवळ असतात आणि निळसर प्रकाश परतवतात; तोच प्रकाश त्वचेतल्या पिवळ्या रंगद्रव्यातून गाळून आला की हिरवा दिसतो. प्राणी खवळला की स्फटिकांतले अंतर वाढते आणि पिवळा-तांबडा प्रकाश परततो. याखेरीज काळ्या रंगद्रव्याच्या पेशी आहेतच. थंडी वाजली की त्या पसरतात आणि अंग काळपट होऊन ऊन अधिक शोषते. भीती, त्रास आणि आजार यांतही तोच काळपटपणा येतो. सकाळच्या गारव्यात काळा दिसणारा घोयरा ऊन खाऊन तासाभरात हिरवा झाला तर चिंता नको. भर दुपारीही जो काळाच राहतो, तो आजारी समजावा.

दुसरी वर्दी डोळ्यांची. झोपेखेरीज घोयरा डोळे मिटत नाही. शिकार आणि शत्रू दोन्ही त्याला डोळ्यांनीच सांभाळायचे असतात. दिवसा मिटलेले डोळे म्हणजे दुखणे बरेच पुढे गेले आहे. पापण्या सुजल्या असतील तर जंतुसंसर्ग किंवा 'अ' जीवनसत्त्वाची उणीव संभवते, आणि डोळ्यांचे मनोरे आत ओढले असतील तर शरीरातले पाणी आटलेले असते. दुबळेपणा दिसला की शत्रू टिपतो, म्हणून असे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात. 'काल तर चांगला होता' हे वाक्य मी जितक्यांदा ऐकले आहे, तितक्यांदा प्राणी त्याआधी कित्येक दिवस आजारीच होता.

पोलादपूरच्या टाकीत वाटीभर पाणी होते आणि प्राणी तहानेने सुकत होता. झाडावर राहणाऱ्या या जिवाला साचलेले पाणी पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पानावर हललेला, चकाकलेला थेंब त्याला पाणी वाटतो. दव आणि पाऊस हेच त्याचे पाणवठे. ज्या खोऱ्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे घराच्या आत, वाटीच्या शेजारी, घोयरा तहानेने मरू शकतो.

या तहानेचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम जरा सविस्तर सांगायला हवा, कारण त्याचे धागेदोरे आमच्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका हकिगतीत गुंतले आहेत. माणूस आणि गाय-म्हैस शरीरातला नत्राचा कचरा युरियाच्या रूपाने पाण्यात विरघळवून टाकतात. पक्षी आणि बहुतेक सरडे-साप तोच कचरा युरिक आम्लाच्या रूपाने, जवळजवळ घट्ट स्वरूपात टाकतात. विष्ठेबरोबर जो पांढरा खडूसारखा भाग पडतो, तो म्हणजे हे युरिक आम्ल. पाणी वाचवण्याची ही उत्तम सोय खरी, पण मूत्रपिंड दमले की युरिक आम्ल रक्तात साचते आणि सांध्यांवर, हृदयाच्या आवरणावर, यकृतावर त्याचे पांढरे स्फटिक बसतात. आयुर्वेदाच्या वाचकांना वातरक्त म्हटले की अंदाज येईल. पाळलेल्या शॅमेलिऑनच्या मृत्यूंमागे हा विकार वारंवार सापडतो. वरच्या खडूचा रंग पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा केशरी होऊ लागला की शरीरातले पाणी घटते आहे हे ओळखावे.

गिधाडे मेली ती नेमकी याच विकाराने. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडले ते पाकिस्तानातल्या संशोधनातून, जे २००४ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. असे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे बंद पडत, आणि चिरलेल्या गिधाडाच्या आतड्या-काळजावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसे. भारताने २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या जंगलात महाडच्या 'सिस्केप' संस्थेने गिधाडे जपण्याचे जे काम केले, ते रायगडकरांना ठाऊक आहे. तिथे गिधाडांच्या उपासमारीचा प्रश्नही मोठा होता आणि मेलेली जनावरे त्यांच्यापर्यंत पोहोचवावी लागली, हे नमूद करायला हवे. सगळेच खापर एका गोळीवर फोडता येत नाही. तरीही धडा घरातल्या टाकीपर्यंत पोहोचतो. मलूल सरड्याला माणसाची वेदनाशामक गोळी पाण्यात कालवून पाजणारे लोक आहेत. पाणी आटलेल्या शरीरात असले औषध, किंवा जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक, मूत्रपिंडाला शेवटचा धक्का देते. आधी पाणी आणि मगच औषध, हा क्रम जाणकार पशुवैद्य कधी मोडत नाहीत.

आता ऊन. टाकी खिडकीपाशी ठेवली होती, ऊन आत येत होते, मग उणे काय? उणी होती काच नसलेली जागा. सूर्यप्रकाशातले जे अतिनील 'ब' किरण त्वचेत 'ड' जीवनसत्त्व घडवतात, त्यांतले बहुतेक साधी काच अडवते. ऊब आत येते, औषध बाहेर राहते. वर बंद टाकी तापत जाते ती वेगळीच.

'ड' जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम रक्तात शिरत नाही. रक्ताला तर ते हवेच असते, स्नायू आणि मज्जातंतू त्यावर चालतात. मग शरीर हाडांच्या ठेवीतून उचल करू लागते. हाच मुडदूस. आपल्याकडे पाय फाकलेल्या मुलांना उन्हात निजवण्याचा जुना सल्ला होता, तो अगदी योग्य होता. शॅमेलिऑनमध्ये हा विकार महिन्यांच्या हिशेबाने वाढतो : आधी पकड सैल होते, मग पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा लवचीक होतो, आणि एके दिवशी जीभ बाहेर पडतच नाही. समोर नाकतोडा आहे, दोन्ही डोळे त्याच्यावर रोखलेले आहेत, तोंड उघडते, पण जीभ सुटत नाही. पाहणाऱ्याला वाटते, खायची इच्छा नाही.

यात आहाराचाही वाटा मोठा आहे. रातकिडे, झुरळे, अळ्या यांच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. रानात घोयरा नाना तऱ्हेचे किडे खातो आणि उन्हात बसून उणीव भरून काढतो. घरात त्याला रोज तोच किडा मिळतो. परदेशात पाळणारे लोक किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवतात ती यासाठीच. टेक्सासमधल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट आढळली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली : आहारातून 'ड' जीवनसत्त्व कमी मिळालेले प्राणी आपणहून अतिनील किरणांत अधिक वेळ बसत, आणि पुरेसे मिळालेले कमी बसत. म्हणजे आपले औषध किती घ्यायचे हे त्या प्राण्याला कळते, फक्त ते घेण्याची मोकळीक हवी. टाकीतल्या प्राण्याला ती नसते.

श्वासाच्या विकारांबद्दल थोडक्यात लिहितो. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, त्यामुळे छातीत साचलेला कफ खोकून टाकता येत नाही. कोंदट, दमट आणि गार जागेत फुप्फुसाला संसर्ग झाला की प्राणी तोंड उघडे ठेवून मान वर करून बसतो. आमच्याकडच्या आषाढ-श्रावणात बंद टाकीतली हवा कशी होत असेल ते सांगायला नको.

टाकीतला प्राणी घरच्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एका कारणाने नकोसा होता : तो विषारी आहे, चावला तर माणूस वाचत नाही. मुलगा शाळेत शिकलेला असूनही त्याच्या मनात धाकधूक होतीच. घोयऱ्याला विष नाही. विषग्रंथी नाही, विषदंत नाही. चिडला तर चावतो, त्याने चिमटा बसल्यासारखे होते, इतकेच. विषाबद्दलची भीती आणि विषाचे ज्ञान यांतले अंतर महाडकरांना खरे तर कोणी शिकवायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला, प्राझोसिन हे साधे औषध वापरून पाहिले, आणि ती निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या तालुक्याने खऱ्या विषाला असे वठणीवर आणले, तिथे बिनविषारी घोयऱ्याला दगडाने ठेचावे हे मला पटत नाही. लाल विंचू दिसायला घोयऱ्यापेक्षा किती साधा!

पुन्हा त्या टाकीकडे वळतो. मुलाने सांगितलेल्या तीन गोष्टी माझ्या मनात घोळत होत्या : रस्ता ओलांडताना सापडला, पोट भरलेले आहे, आणि कोपरा खरवडतो. झाडावर राहणारा प्राणी जमिनीवर येतो कशाला? नर असेल तर मादीच्या शोधात. मादी असेल तर मातीच्या शोधात. पावसाळा सरता सरता, माती ओली पण सैल असताना, घोयऱ्याची मादी खाली उतरते, मागचे अंग मावेल एवढे बीळ उकरते, त्यात वीस-तीस अंडी घालते, माती लोटून जागा सारखी करते आणि निघून जाते. रस्त्यांवर चिरडलेल्या घोयऱ्यांत अशा माद्या असतात. हा 'तो' नव्हताच. ती होती, आणि पोट नाकतोड्यांनी भरलेले नव्हते.

ओळखीच्या पशुवैद्यांना बोलावले. त्यांचा रोजचा व्यवहार गाई-शेळ्यांचा, पण माणूस वाचणारा. त्यांनी पोटाला हलकेच बोट लावले आणि मण्यांची माळ चाचपावी तशी अंडी मोजल्यासारखे केले. अंडी भरली की पोटात जागा उरत नाही आणि मादी खाणे सोडते, हे स्वाभाविक आहे. पण उकरायला माती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते. दिवस जातात, अंड्यांच्या घडणीत कॅल्शियम आधीच खर्चलेले असते, पाणी कमी पडते, स्नायूंत जोर उरत नाही, आणि मग माती मिळाली तरी अंडी बाहेर पडत नाहीत. अडलेल्या बाईसारखीच ही अवस्था. येमेनकडच्या ज्या व्हेल्ड शॅमेलिऑनचा शहरांतल्या हौशी मंडळींत बोलबाला आहे, त्याच्या माद्या नराशिवायही अंडी धरतात आणि वाळूचे भांडे न ठेवल्याने मरतात. काचेचा कोपरा खरवडणे ही सुटकेची धडपड नव्हती. ती बीळ खणत होती.

औषध काहीच दिले नाही. सलाइनची रिकामी बाटली साध्या पाण्याने भरली, नळी आंब्याच्या डहाळीवर टांगली आणि थेंब पानांवर पडू दिले. पाऊण तास ती हलली नाही. मग एक डोळा उघडला, थेंबाच्या मागे फिरला, आणि ती प्यायला लागली ती थांबेना. डॉक्टर म्हणाले, अजून अडलेली नाही, जोर आहे; हिला इथे ठेवण्यात आता शहाणपण नाही.

ठेवता येतही नव्हते. भारतीय घोयऱ्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पकडणे हेही शिकारच. कळवळ्याने उचललेला प्राणीही त्यातून सुटत नाही, म्हणून मुलगा घाबरला होता. परदेशी शॅमेलिऑन पाळणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्याने स्वतःच फोन केला. आलेले वनरक्षक समजूतदार निघाले. त्यांनी कागद केला, आणि तिला सोडायचे कुठे यावर आमची चर्चा झाली. सोपे उत्तर होते, मागचे रान. आमच्याकडे प्राणी वाचवणारे पुष्कळदा इथेच थांबतात. जंगल दिसले की सोडले, फोटो काढला, पुण्य लागले. पण जंगल म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून चाळीस किलोमीटरच्या आत, वाईला, तो हजाराच्याही खाली येतो. कोरड्या रानातला जीव चिंबट जांभ्याच्या उतारावर सोडणे म्हणजे टाकी बदलणे. त्याची अंडी महिनोन् महिने मातीत राहायची असतात. पाणी धरणाऱ्या मातीत ती कुजतात. जिथून उचलली तिथेच नेऊन सोडायची, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची गाडी आंबेनळी घाट चढली. मुलगा बरोबर होता. जागा त्यालाच माहीत होती. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडली होती आणि आत आंब्याची डहाळी होती. महाबळेश्वरपर्यंत धुके होते आणि ती काळीच होती. पसरणी घाट उतरताना ऊन लागले तेव्हा खोके उघडून पाहिले, तर अंगावर हिरवे-पिवळे ठिपके उमटले होते, असे त्याने दुपारी फोनवर सांगितले. फलटणच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, शेताच्या बांधावर एका बाभळीच्या बुंध्याशी तिला ठेवले. ती झाडावर चढली नाही. बाभळीला वळसा घालून ती बांधाच्या भुसभुशीत बाजूला गेली आणि पुढच्या पायांनी माती उकरू लागली. वनरक्षकांनी सगळ्यांना मागे सरकायला सांगितले.